नगरपालिकेचे आवार आणि पावसाचे पाणी

पावसाळा तोंडावर आला म्हणजे नगरपालिका नागरिकांस नोटिसा बजावते. घरासमोरील गटारात राडारोडा टाकू नये, गोठ्याचे शेण नाल्यात लोटू नये, कारखान्याचे सांडपाणी पावसाच्या पाण्यात सोडू नये, असे हुकूम ध्वनिक्षेपकावरून गल्लोगल्ली फिरवते, आणि हे सर्व करणे तिचे कर्तव्यच आहे. परंतु गावातील वाहनांचा एक मोठा ताफा, रसायनांचे एक मोठे कोठार, मंडई, मटणबाजार, कचरा डेपो आणि खडी-डांबराचे ढीग ही सर्व बहुधा नगरपालिकेच्याच मालकीची असतात. त्यांच्यावरही तोच पाऊस पडतो आणि त्यांच्या आवारातून निघालेले पाणीही त्याच नाल्यास मिळते. इतरांस उपदेश करण्यापूर्वी हे आपले आवार एकदा नीट पाहून घेणारी नगरपालिका विरळाच. प्रस्तुत लेख लिहिला आहे तो नगराध्यक्ष, नगरसेवक, मुख्याधिकारी, स्वच्छता निरीक्षक व मुकादम यांच्यासाठी, आणि जे नागरिक कर भरतात व त्या कराचा विनियोग कसा होतो हे विचारण्याचा हक्क बजावू इच्छितात, त्यांच्यासाठी.

मैलापाण्याचे गटार आणि पावसाच्या पाण्याचे गटार यांची प्रयोजने मुळातच भिन्न आहेत. पहिल्यातील पाणी, निदान जेथे भुयारी गटार योजना पूर्ण झाली आहे तेथे, शुद्धीकरण केंद्राकडे जाते. दुसऱ्यातील पाणी कोठेही न थांबता, कोणतीही प्रक्रिया न होता, सरळ ओढ्याला व ओढ्यातून नदीला मिळते. लहान गावांत तर बहुतेक ठिकाणी एकच उघडे गटार दोन्ही कामे करते आणि त्याचे तोंड नाल्यातच उघडते. त्यातच आपल्या प्रदेशाचे ऋतुमान असे की, ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत रस्त्यांवर, आवारांत आणि छपरांवर जी धूळ, जे तेल, जी राख आणि जी कुजकी घाण साचते, ती धुऊन नेणारा पाऊस या आठ महिन्यांत क्वचितच पडतो. मग वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या दोनचार सरी हा सगळा संचय एकदम नदीत नेऊन टाकतात. नदी त्या वेळी क्षीण झालेली असते, तिच्यात घाण सौम्य करण्याइतके पाणी नसते, आणि म्हणून वर्षातील सर्वांत घातक लोट नेमका तिच्या दुर्बळ काळी तिच्यावर येऊन आदळतो. वाईच्या घाटांवरून वाहणारी कृष्णा पुढे कराडास कोयनेला भेटते आणि तेथून सांगलीस जाते. सांगली शहर पिण्यासाठी तिचेच पाणी उचलते. वरच्या गावाने आपल्या आवारातील तेलाचे पिंप उघड्यावर ठेवले की नाही, हा प्रश्न अशा रीतीने खालच्या गावाच्या घागरीपर्यंत जाऊन पोहोचतो.

नाला कोरडा आहे, सबब त्यात टाकलेले नदीत टाकले असे होत नाही, हा समज पुष्कळ कार्यालयांत प्रचलित आहे. तो कायद्यासही मान्य नाही. जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ याने प्रवाहाची जी व्याख्या केली आहे, तीत वाहता अथवा तूर्त कोरडा असलेला जलमार्ग स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे, आणि त्याच अधिनियमाच्या २४व्या कलमाने अशा प्रवाहात दूषित पदार्थ जाणीवपूर्वक सोडण्यास मनाई केली आहे. एप्रिल महिन्यात कोरड्या नाल्याच्या पात्रात रिकामी केलेली ट्रॉली ही, म्हणून, नदीतच रिकामी केलेली ट्रॉली होय.

आता थोडे गणित करावे, कारण त्यावाचून या पाण्याच्या आकारमानाची कल्पना येत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा २५ मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत प्रत्येक गुंठ्यावर अडीच हजार लिटर पाणी पडते, आणि वीस गुंठ्यांच्या एका काँक्रीट केलेल्या आवारातून पन्नास हजार लिटर पाणी तासादोनतासांत बाहेर पडू पाहते. एवढे पाणी एकदा घाणीस लागून मलिन झाले, की ते साठवून शुद्ध करण्याची ऐपत कोणत्याही लहान नगरपालिकेत नाही. या एका हिशेबातून सगळ्या व्यवस्थेचे सूत्र निघते: पाणी मागाहून शुद्ध करण्याच्या योजना आखण्यापेक्षा पाण्याचा आणि घाणीचा स्पर्शच होऊ देऊ नये. घाण छपराखाली असावी, जमिनीपासून उचललेली असावी, सांडली तर कोरडीच गोळा व्हावी, आणि वरच्या अंगाने येणारे स्वच्छ पाणी आवारात शिरण्यापूर्वीच चरातून बाजूला वळवावे. अमेरिकेत १९८७ साली पावसाच्या पाण्याचे प्रदूषण कायद्याच्या कक्षेत आले आणि १९९९च्या नियमांनी लहान शहरांवर त्यासंबंधी सहा कर्तव्ये घातली. त्यांतील सहावे कर्तव्य हेच की, नगरप्रशासनाने स्वतःच्या इमारती, वाहने व कामकाज यांपासून होणारे प्रदूषण रोखावे. आपल्याकडे असा स्वतंत्र नियम होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गटारे बांधणे व ती साफ राखणे हे नगरपरिषदांचे आवश्यक कर्तव्य १९६५च्या अधिनियमाने ठरवूनच दिले आहे.

कामाचा आरंभ फेब्रुवारी-मार्चमध्ये करावा आणि तो पायी फिरून करावा. नगरपालिकेच्या मालकीची जेवढी आवारे आहेत, तेवढ्यांची यादी मालमत्ता विभागाच्या दप्तरातून काढून घ्यावी आणि प्रत्येक आवारातील पाणी कोणत्या जाळीत उतरते, ती जाळी कोणत्या गटारास मिळते आणि ते गटार अखेर कोठे उघडते, याचा साधा हातनकाशा तयार करावा. जुन्या आवारांचे नकाशे बहुधा सापडत नाहीत, आणि सापडले तरी ते जमिनीखालील वस्तुस्थितीशी जुळतीलच याचा भरवसा नसतो. अशा वेळी बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून ते जाळीत ओतावे आणि पुढच्या तोंडांवर माणसे उभी करावीत. कोणत्या तोंडातून रंगीत पाणी आले, हे घटकाभरात समजते. याच पाहणीत आणखी एक परीक्षा आपोआप होऊन जाते, आणि ती आपल्या कोरड्या उन्हाळ्याने दिलेली मोठी सोय आहे. तीन-चार महिन्यांत पावसाचा थेंब पडलेला नसताना जर पावसाळी गटारातून पाणी वाहत असेल, तर ते पाणी पावसाचे नव्हे. ते कोणाच्या तरी मोरीचे, सेप्टिक टाकीचे, वाहन धुण्याच्या जागेचे अथवा फुटलेल्या जलवाहिनीचे आहे. त्या पाण्याचा वास घ्यावा, रंग पाहावा, फेस आहे का ते पाहावे, आणि उलट दिशेने एकेक चेंबर उघडीत उगमापर्यंत जावे. हा उगम पुष्कळदा नगरपालिकेच्याच एखाद्या दवाखान्याच्या किंवा शाळेच्या आवारात निघतो, असा अनुभव येईल. त्याचा संकोच न बाळगता त्याची नोंद सर्वांत आधी करावी.

सर्व आवारांत वाहनांच्या गॅरेजकडे अधिक काळ थांबले पाहिजे. घंटागाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, जेसीबी, पाण्याचे टँकर, मैला उपसण्याची गाडी, अग्निशामक बंब अशी सर्व वाहने तेथे उभी राहतात, तेथेच त्यांचे तेल बदलते आणि तेथेच ती धुतली जातात. अशा एखाद्या आवारात मे महिन्यात दुपारी जाऊन पाहावे. वाहने जेथे रोज उभी राहतात, तेथे जमिनीवर काळे, चिकट डाग पडलेले असतात आणि त्यांवर धूळ बसून त्यांची जाड साय बनलेली असते. भिंतीलगत झाकणे नसलेली पिंपे, जुन्या बॅटऱ्या, तेलाने माखलेले फिल्टर आणि फडकी पडलेली असतात. घंटागाडी धुताना तिच्या तळाशी साचलेले आंबट काळे पाणी, भाज्यांची साले आणि प्लॅस्टिकचे तुकडे पाइपाच्या धारेने रेटीत रेटीत थेट कोपऱ्यातील जाळीपर्यंत नेले जातात, आणि आवार लखलखीत झाले म्हणून काम संपले असे मानले जाते. पुढे पहिली सर आली, की त्या काळ्या डागांतून इंद्रधनुषी तवंग उठतो आणि तोही त्याच जाळीत उतरतो.

याचा बंदोबस्त फारसा खर्चिक नाही. तेल बदलण्याचे काम केवळ छपराखाली, पक्क्या फरशीवर आणि वाहनाखाली पसरट तसराळे ठेवूनच व्हावे. काढलेले तेल झाकणबंद पिंपात भरून त्यावर तारीख घालावी. वापरलेले तेल हा घातक कचरा होय, तेव्हा ते भंगारवाल्यास न देता अधिकृत नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया उद्योगासच द्यावे आणि त्याची पावती दप्तरी ठेवावी. पिंपांभोवती विटांचा बुटका बांध घालावा आणि सर्वांत मोठ्या पिंपाच्या धारणेहून निदान दहा टक्के अधिक द्रव त्यात मावेल, अशी त्याची उंची राखावी; म्हणजे २०० लिटरचे पिंप असेल तर २२० लिटरची जागा हवी. बांधावर छप्पर नसेल, तर तो पावसाच्याच पाण्याने भरून जाईल आणि ऐन प्रसंगी निरुपयोगी ठरेल, हे विसरू नये. तेल सांडलेच तर त्यावर पाण्याचा पाइप कदापि लावू नये. लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून ते शोषून घ्यावे, झाडून पोत्यात भरावे आणि घातक कचऱ्यासोबत ठेवावे. यासाठी भुशाचे एक पोते, एक फावडे आणि एक खराटा गॅरेजच्या दारातच, सर्वांच्या दृष्टीस पडेल असा, कायमचा ठेवलेला असावा.

वाहने धुण्यासाठी एकच जागा ठरवावी. तिच्या भोवती काँक्रीटचा चार बोटे उंचवटा असावा, वर पत्रा असावा, आणि तेथील पाणी तीन कप्प्यांच्या टाकीत जावे. पहिल्या कप्प्यात वाळू व चिखल तळाशी बसतो. दुसऱ्यात तेल वर तरंगते. आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली खोलवर वळवलेले असल्यामुळे वरचे तेल मागेच अडून राहते. तिसऱ्या कप्प्यातील पाणी मैलापाण्याच्या गटारात सोडावे. पावसाळी गटारास ते जोडणे म्हणजे सगळा खर्च वाया घालवणे होय. अशा टाक्या काही ठिकाणी बांधलेल्या आढळतात, परंतु त्या दोन कारणांनी निकामी होतात, आणि दोन्ही कारणे टाळण्यासारखी आहेत. एक तर वर छप्पर नसल्याने मुसळधार पावसाचे पाणी टाकीत शिरून साचलेले तेल बाहेर ढकलून देते. दुसरे असे की, साबणाची भुकटी सढळ हाताने वापरली गेल्याने तेलाचे सूक्ष्म कण होऊन ते पाण्यात मिसळून जाते, तरंगत नाही, आणि टाकीतून सुखेनैव पार होते. म्हणून वाहन धुण्यापूर्वी ते झाडावे, खरवडावे, कोरडा कचरा काढून घ्यावा आणि साबण जितका कमी वापरता येईल तितका कमी वापरावा.

कोठाराविषयी सांगायचे ते असे की, ब्लीचिंग पावडर, तुरटी, डासनाशक औषधे, फिनेल आणि रंग ही सर्व जमिनीपासून उंच अशा लाकडी फळ्यांवर, गळत्या छपरापासून दूर, आणि एकमेकांपासून वेगळी ठेवावीत. ओल लागलेली ब्लीचिंग पावडर निर्जंतुकीकरणाच्या कामासही येत नाही आणि पाण्यात वाहून गेली तर तेथील मासे मारते. नदीकाठच्या गावांनी याहून एक गोष्ट अधिक पाहावी. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या पूररेषेचा संबंध साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी आणि लाल रेषेचा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी असतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही साली कृष्णा-पंचगंगेच्या काठाने जे महापूर पाहिले, त्यांनंतर या रेषा कागदापुरत्या आहेत असे कोणी म्हणू धजणार नाही. रसायनांचे कोठार आणि डिझेलची टाकी लाल रेषेच्या आत असतील, तर त्यांचे स्थलांतर हेच पहिले काम होय; ते तूर्त शक्य नसेल तर पुराचा इशारा मिळताच कोणता माल, कोणत्या गाडीतून, कोठे हलवायचा, हे लेखी ठरवून ठेवावे.

आता नालेसफाईकडे वळू. जे काम नदीच्या रक्षणासाठी म्हणून होते, तेच काम वाईट रीतीने केल्यास नदीचे नुकसान कसे करते, याचे हे ढळढळीत उदाहरण आहे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जेसीबी नाल्यात उतरतो, काळा गाळ काढतो आणि तो नाल्याच्याच काठावर ओततो. ओला गाळ वाहून नेण्यास जड व गळका, म्हणून तो काही दिवस सुकू द्यावा, हा त्यामागचा विचार सकारण आहे. परंतु हे काही दिवस लांबत जातात, कंत्राटदाराचे यंत्र पुढच्या नाल्यावर जाते, गाळावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि नारळाच्या करवंट्या तशाच उघड्या पडून राहतात, आणि रोहिणीतल्या एका वळवाने त्या ढिगाचा पाया सुटतो. जो गाळ वर्षभर तळाशी निपचित पडून होता, तो आता मोकळा, ढवळलेला आणि कुजलेला असा एकदम प्रवाहात जातो. म्हणून निविदेतच शर्त घालावी की, गाळ काठापासून दूर, उतारास आडवा बांध घालून सुकवला जाईल, ठराविक दिवसांत उचलला जाईल, ताडपत्री झाकलेल्या गाडीतून नेला जाईल, आणि देयक नाल्यातून किती गाळ काढला यावर नव्हे, तर ठरलेल्या जागी वजनकाट्यावर किती पोहोचला यावर मंजूर होईल. माझ्या मते या एका शर्तीने जेवढे साध्य होईल, तेवढे दहा परिपत्रकांनी होणार नाही. आणि काम मार्चमध्ये सुरू करावे. मेअखेरची मुदत ही काम संपवण्याची आहे.

रस्ते झाडण्याच्या कामातही असाच एक दोष घर करून बसला आहे. झाडलेला केर हातगाडीत भरण्यापेक्षा गटाराच्या जाळीत लोटणे सोपे पडते. पण यात झाडणाऱ्या माणसास दोष देण्यापूर्वी त्याच्या हातगाडीची चाके फिरतात का, केर ओतण्याची जागा त्याच्या टापूपासून किती लांब आहे आणि त्याच्याकडे सूप-फावडे आहे का, हे मुकादमाने व निरीक्षकाने पाहिले पाहिजे. साधन न देता शिस्त मागणे अन्यायाचे आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी गटारात वा जलाशयात कचरा टाकण्यास मनाई केलीच होती, आणि ती मनाई नगरपालिकेच्या स्वतःच्या खराट्यासही लागू पडते. पावसाच्या पहिल्या सरींपूर्वी मुख्य पेठ, बसस्थानकाचा परिसर आणि आठवडे बाजाराची जागा यांची एक जादा झाडलोट अवश्य करावी.

मंडई, मटणबाजार आणि मासळीबाजार येथे नियम एकच: आधी खरवडा, गोळा करा, मग धुवा, आणि धुतलेले पाणी मैलापाण्याच्या गटारात वा शोषखड्ड्यात जाऊ द्या. कत्तलखान्यातील रक्त तर वेगळेच धरून ठेवून त्यावर प्रक्रिया झाली पाहिजे. कचरा डेपोत वरच्या अंगास चर खणून डोंगरउताराचे स्वच्छ पाणी बाहेर वळवावे, खताचे ढीग छपराखाली घ्यावेत आणि ढिगांतून पाझरणारे काळे पाणी पक्क्या टाकीत साठवून पुन्हा खतावरच शिंपडावे.

मैला उपसणाऱ्या गाडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भुयारी गटारे नसलेल्या गावांत घरोघरच्या सेप्टिक टाक्यांतील गाळ ही गाडी उपसते आणि तो नेण्यास अधिकृत जागा नसेल, तर अंधारात तो नाल्यात जातो. याला चालकाच्या सदसद्विवेकाच्या भरवशावर सोडता येणार नाही. जागा निर्माण करणे हाच उपाय. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी मैला गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभारली, आणि तक्रार येईल तेव्हा टाकी उपसण्याची जुनी रीत सोडून ठरलेल्या वेळापत्रकाने दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसण्याची पद्धत स्वीकारली. ज्यांच्यापाशी साधने बेताची आहेत, अशा गावांना हे करता येते, याचा याहून चांगला दाखला महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, आणि तो पाहून येण्यासाठी अभियंता व आरोग्य निरीक्षक यांस एक दिवसाची रजा नव्हे, तर प्रवासभत्ता मंजूर करावा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. खडी-मुरमाचे ढीग गटारापासून लांब टाकावेत आणि पावसाचे चिन्ह दिसत असताना डांबरीकरण करू नये. बागेत खत देताना आभाळाकडे पाहावे. जलतरण तलावाचे पाणी सोडण्यापूर्वी काही दिवस उन्हात राहू द्यावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. भाद्रपदातील कृत्रिम विसर्जन कुंडांतील पाणी निवळू देऊन, तळाशी बसलेला मातीचा, प्लास्टरचा व रंगांचा साका वेगळा उचलावा. कुंडाची तोटी दुसऱ्या दिवशी पहाटे गुपचूप नाल्याकडे उघडण्याचा प्रघात बंद झाला पाहिजे.

हे सर्व टिकायचे असेल तर ते माणसांच्या नेमणुकीत आणि जमाखर्चात उतरले पाहिजे. प्रत्येक आवारासाठी एक जबाबदार इसम नावानिशी नेमावा. दरमहा एकदा, आणि पावसाळ्यात दर आठवड्यास, त्याने आवार फिरून छोट्या नोंदवहीत छप्पर, बांध, टाकी, जाळी व भुशाचे पोते यांची स्थिती लिहावी आणि अभियंत्याने त्यावर तारखेसह सही करावी. मेच्या पहिल्या आठवड्यात गॅरेजमधील फिटर, चालक, झाडूकामगार व कोठारपाल यांस हजेरीच्या जागीच एकत्र बसवून, जाळीत ओतलेले पाणी कोठे जाते हे त्यांना प्रत्यक्ष रंगीत पाण्याने दाखवावे. आपल्या हातची बादली कोणत्या ओढ्यात जाते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला फार समजावून सांगावे लागत नाही. हातमोजे, बूट आणि मुखपट्टी त्याच दिवशी द्यावीत. ज्या माणसांकडून आपण नदीचे रक्षण मागतो, त्यांच्या हातांचे रक्षण आधी व्हायला हवे.

वाचकहो, पत्र्याचे एक छप्पर, तीन कप्प्यांची एक टाकी, विटांचा बांध आणि भुशाची पोती यांस लागणारी रक्कम नगरपालिकेच्या वार्षिक खर्चात मोठी नाही, परंतु तिला स्वतंत्र लेखाशीर्ष नसेल तर ती कधीच खर्च होत नाही. फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची सभा भरण्यापूर्वी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास भेटा, गॅरेज, कोठार आणि कचरा डेपो यांच्या पावसाळी बंदोबस्तासाठी किती रक्कम धरली आहे ते विचारा, उत्तर लेखी मागा, आणि मार्चमध्ये जी पाहणी निघेल तिच्यासोबत स्वतः पायी फिरा.